कॉल बंद होतो, डोक्यात चालू राहतो: कंट्रोल रूम आणि बचाव पथकांसाठी तयारीची पद्धत

खंबाटकीत गाडी पलटी झाली की बातमीत चालक येतो, जखमी येतात, क्रेनसुद्धा येते. पहिला फोन ज्यानं घेतला तो कुठंच येत नाही. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नाही. त्याला खात असतं ते वेगळंच: फोनवर ओरडणाऱ्या त्या बाईचं पोरगं वाचलं का? हे त्याला कुणी सांगत नाही. तोवर पुढचा कॉल पडलेला असतो.

सातारा-सांगली भागातल्या कंट्रोल रूममधल्या आणि दरीत उतरणाऱ्या पोरांशी बोलत आलोय, त्यावरून माझं ठाम मत झालंय. रक्त आणि मृतदेह बघून माणूस जेवढा खचतो, त्याहून जास्त तो अर्धवट राहिलेल्या कॉलनं आणि ‘आपण बरोबर केलं का?’ या शंकेनं खचतो. त्यामुळं प्रशिक्षण एका खात्याचं आणि मनाची काळजी दुसऱ्या खात्याची, अशी वाटणी मला पटत नाही. खाली दोन्ही एकत्रच दिलंय. जिल्हा कंट्रोल रूममधले डिस्पॅचर, १०८ ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आणि पायलट म्हणजे चालक, अग्निशमनचे जवान, आपदा मित्र म्हणजे सरकारनं प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक आणि गावोगावची रेस्क्यू पथकं यांच्यासाठी हे आहे. त्याहून जास्त, त्यांचा ड्युटी चार्ट लावणाऱ्या साहेबांसाठी.

पायरी १: कुणाच्या वाट्याला काय येतं ते आधी मांडा

महाराष्ट्रात ११२ फिरवला की कॉल नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात जातो. तिथं माहिती घेतात, मग घटना त्या जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर उतरते आणि तिथला डिस्पॅचर जवळची गाडी सोडतो. १०८ चं केंद्र पुण्यात आहे. म्हणजे साताऱ्यातल्या डिस्पॅचरला रडणं ऐकू येतं ते बऱ्याचदा पत्ता नीट कळावा म्हणून त्यानंच उलटा फोन केल्यावर. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून डोकं चित्र स्वतः काढतं, आणि ते खऱ्याहून भयंकर असू शकतं.

गाडीवरच्या माणसाचं उलटं असतं. त्याला सगळं दिसतं, पण हाताला काम असतं. गावातल्या पथकाचा प्रश्न तिसराच. त्यांनी बाहेर काढलेला माणूस ओळखीचा निघतो. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तेव्हा पहिले हात शेजारपाजारच्या माणसांचेच होते.

‘मी तर फक्त फोनवर होतो, मला काय होणार?’ हे वाक्य कंट्रोल रूममध्ये फार ऐकू येतं. मनोविकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या नियमावलीत २०१३ सालीच स्पष्ट केलंय, की कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील वारंवार समोर येत राहिले, तर प्रत्यक्ष जागेवर नसलेल्या माणसालाही आघातानंतरचा ताणविकार म्हणजे पीटीएसडी होऊ शकतो. हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा. खालचं अर्धं काम त्यानं सोपं होतं.

पायरी २: पत्ता काढायला शिकवा

नव्या माणसाला पहिले काही दिवस संगणक नका शिकवू, भूगोल शिकवा. ‘बोरगाव’ एवढ्यावर घटना पुढं ढकलली तर गाडी साताऱ्याजवळच्या बोरगावला निघायची आणि माणूस वाळव्यातल्या बोरगावात पडलेला असायचा. हायवेवरचा कॉलर बहुतेक वेळा परगावचा असतो. त्याला ‘नक्की कुठं आहात?’ विचारून उपयोग नाही. त्याला विचारा, ‘तोंड पुण्याकडं आहे की कोल्हापूरकडं? शेवटचा टोलनाका कुठला गेला, आनेवाडी की तासवडे? घाटात आहात की बोगद्याजवळ?’

रानातला कॉल असेल तर प्रश्न बदलतात. कुठल्या फाट्यावरून आत? आत आल्यावर आधी काय लागतं, डेअरी, पाण्याची टाकी की देऊळ? कुणाचा मळा? डीपीच्या अलीकडं की पलीकडं? शेवटी एक सूचना कायमची: ‘एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा.’ ऊसतोडीच्या दिवसांत, चारी बाजूंनी ऊस उभा असताना, या एका वाक्यानं केवढा वेळ वाचतो ते पायलटला विचारा.

जागा आणि फोन नंबर आधी, घटना मागाहून. कॉल तुटला तरी गाडी निघते. कॉलर ओरडत असेल तर आवाज चढवू नका. तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात दोनदा-तीनदा म्हणा: ‘दादा, गाडी पाठवायला मला जागा सांगा.’ तिसऱ्यांदा बहुतेक माणसं थांबतात आणि सांगतात.

पायरी ३: तोंडपाठ स्क्रिप्ट

अचानक कोसळलेल्या माणसाचा कॉल सगळ्यात जास्त वेळ घोटून घ्या. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे चेहरा दिसत नाही आणि फक्त आवाजावर काम करावं लागतं. आमच्या सरावात तो साधारण असा जातो:

‘ताई, त्यांचे खांदे हलवा, जोरात हाक मारा. ओ देतायत का?’
‘नाही हो, काहीच बोलेनात!’
‘छातीकडं बघा. नेहमीसारखा श्वास चाललाय का?’
‘चाललाय… मधूनच आचका देतायत, घोरल्यासारखा आवाज येतोय.’

नवा माणूस नेमका इथं फसतो. कॉलर ‘चाललाय’ म्हणते आणि तो निर्धास्त होतो. पण आचके आणि घोरल्यासारखा आवाज म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं असं होतं. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्या दोन ‘नाहीं’वर थेट पुढं जायचं:

‘ताई, गाडी निघालीय, मी फोनवरच आहे. फोन स्पीकरवर टाका. त्यांना खाली जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. आता जोरात दाबा आणि सोडा. माझ्याबरोबर मोजा: एक, दोन, तीन, चार…’

मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटीमीटर दाबली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ऑपरेटरनं स्वतः मोठ्यानं मोजायचं, थांबायचं नाही. दर दोन मिनिटांनी हात बदलायला दुसऱ्या कुणाला बोलावून घ्यायचं.

याच तासाला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा, आणि सांगताना चाचरू नका: सगळं बरोबर करूनही यातली बहुतेक माणसं वाचत नाहीत. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलं तर जगभर हीच परिस्थिती आहे. आपण फक्त शक्यता वाढवतो. हे आधी माहीत असलेला ऑपरेटर आणि आपल्याच चुकीनं माणूस गेला असं समजणारा ऑपरेटर, यांची त्या रात्रीची झोप वेगळी असते. स्क्रिप्टचा दुसरा फायदा हाच. नंतर शंका आलीच तर रेकॉर्डिंग लावून बघता येतं: विचारलं होतं, सांगितलं होतं, मोजलं होतं.

पायरी ४: सराव चढवत न्या

आपल्याकडं मॉक ड्रिल म्हणजे बॅनर, प्रमुख पाहुणे, धुराची नळकांडी आणि दुसऱ्या दिवशीचा फोटो. तेही असू द्या, पण त्यानं कुणाची छाती धडधडत नाही, आणि सरावात ती थोडी धडधडली पाहिजे. आधी साधा कॉल, मग आरडाओरडा करणारा कॉलर, मग एकाच अपघाताचे पाठोपाठ पाच फोन, मग मध्येच वायरलेस बंद. दरीत उतरणाऱ्यांसाठी तसंच: आधी दिवसा, कोरड्या खडकावर, मग स्ट्रेचरसह, मग पावसात आणि रात्री. मागची पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढची नाही. खऱ्या मृत्यूच्या कॉलचं रेकॉर्डिंग पहिल्याच आठवड्यात ऐकवून ‘तयार’ करणारे शिक्षक मी बघितलेत. त्यानं माणूस तयार होत नाही, धसका घेतो.

श्वासाचा सरावही इथंच घ्या. चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हे शरीराचं काम आहे. त्याला श्रद्धा लागत नाही. मात्र शांत खोलीत शिकून ऐन वेळी ते आठवत नाही. म्हणून मॉक कॉल संपला की हेडसेट तसाच ठेवून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून हा श्वास घ्यायचा आणि मगच पुढचं बटण दाबायचं. शे-दोनशे वेळा केलं की हात बटणाकडं जायच्या आधी श्वास सुटतो.

पायरी ५: ड्युटीवर

‘जड कॉल’ कुठला हे आधीच कागदावर ठरवून भिंतीला लावा. लहान मूल, ओळखीचा माणूस, फोन चालू असताना केलेली आत्महत्या, मध्येच गप्प झालेला कॉलर, आपलाच सहकारी जखमी. यातला कॉल झाला की पंधरा-वीस मिनिटं हेडसेट खाली. ‘ब्रेक पाहिजे का?’ असं विचारू नका. कुणीही ‘नको साहेब, ठीक आहे’च म्हणणार. शिफ्ट इन्चार्जनं सरळ सांगायचं, ‘उठ, चहा घेऊन ये, तुझी खुर्ची मी बघतो.’

रात्रपाळीत दोघांनी आळीपाळीनं वीस मिनिटं डोळा लावला तर उरलेली रात्र बरी जाते. उठल्या उठल्या कॉल घ्यायला बसवू नका, डोकं जाग्यावर यायला थोडा वेळ लागतो. चहा पहाटे तीननंतर बंद. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात आणि सकाळी घरी जाऊन झोपायचं असतं. झोप यावी म्हणून घेतलेला पेग झोप लावतो खरा, पण पुढं मध्येच ती मोडतो. आणि बारा तासांची रात्र काढून पन्नास किलोमीटर गाडी मारत गावी जाणं थांबवा. सकाळच्या हायवेवर आपलाच माणूस कॉल व्हायला नको.

पायरी ६: मृतदेह काढताना

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीसजण गेले. महाबळेश्वरच्या आणि आसपासच्या ट्रेकर पोरांनी दोरावर उतरून एकेक देह वर आणला. पोटासाठी दुसरंच काहीतरी करणारी ही पोरं: कुणाचं हॉटेल, कुणाची टॅक्सी. अशा कामाचे काही नियम आहेत आणि ते दरीच्या काठावर सांगून चालत नाही, आधी सांगावे लागतात.

चेहरा पहिल्यांदा झाका, मग बांधाबांध. जो उचलतो त्यानं खिसे तपासायचे नाहीत. पाकिटातला मुलीचा फोटो, मोबाईलच्या स्क्रीनवर ‘आई’ नावाचा येणारा फोन, हे डोक्यातून जात नाही. ओळख पटवणं आणि पंचनामा हे वेगळ्या माणसांचं काम. उचलणाऱ्याला नाव कळायची गरज नाही. ज्याच्या घरात त्याच वयाचं मूल आहे त्याला लहान मुलाच्या देहाजवळ शक्यतो पाठवू नका. वासासाठी रोजच्या वापरातलं अत्तर किंवा बॉडी स्प्रे मास्कला लावू नका, कारण पुढं लग्नात तोच वास आला तरी मन दरीत जाऊन पोचतं. त्यासाठी घरात कधीच न वापरलेलं काहीतरी ठेवा. हातमोजे डबल. तासा-दीड तासानं माणसं बदला आणि वर आलेल्याला पहिल्यांदा पाणी द्या.

आणि फोटो. मृतदेहाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा आपल्याकडचा रोग आहे. नातेवाइकांचा अपमान तर आहेच, शिवाय जो पोरगा त्या दिवशी दरीत उतरलाच नव्हता त्याच्याही मोबाईलमध्ये ते चित्र जाऊन बसतं. पथकात नियम एकच: अधिकृत फोटो एकजण काढेल आणि पोलिसांना देईल. ज्यानं ग्रुपवर टाकला, तो पुढच्या कामाला नाही.

पायरी ७: परत आल्यावर

पहिल्या तासात मानसशास्त्र लागत नाही. हातपाय धुणं, कोरडे कपडे, गरम जेवण, घरी एक फोन. मग सगळ्यांनी गोल बसून पंधरा मिनिटं कामाचं बोलायचं: काय झालं, कशानं अडलो, दोराचं काय, गाडीचं काय. भावना कुणी स्वतःहून काढल्या तर ऐका, उकरू नका.

‘सगळ्यांना बसवून एकदाच मन मोकळं करायला लावा’ ही पद्धत मध्यंतरी फार चालायची आणि अजूनही काही ठिकाणी हौसेनं केली जाते. सक्तीच्या अशा एकाच बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढू शकतो, असं अभ्यासातून दिसलंय आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका असंच सांगते. त्याऐवजी संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतली तीन कामं करा. बघा: कोण जेवत नाही, कोण एकटाच गाडीत बसलाय, कोणाचे हात थरथरतायत. ऐका: शेजारी बसा, उपदेश नको, ‘मर्द आहेस ना’ तर अजिबात नको. जोडून द्या: घरचे, मित्र, गरज पडली तर डॉक्टर.

पहिले काही दिवस झोप उडणं, तेच चित्र दिसणं, ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकून दचकणं हे होतंच. ते आजारपण नाही. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. त्या दिवसांत सुट्टीवर एकटं घरी बसवण्यापेक्षा हलकं काम आणि ओळखीची माणसं बरी.

घरच्यांनाही थोडं शिकवा. दारात पाऊल टाकल्याबरोबर ‘काय झालं? किती गेले?’ नको. ‘आधी अंघोळ की आधी जेवण?’ एवढंच विचारायचं. बोलायचं असेल तर तो जेवताना आपोआप बोलतो.

पायरी ८: ‘पुढं काय झालं’ रजिस्टर

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. शंभर पानी वही, चार रकाने: घटना क्रमांक, तारीख, कॉल घेणारा, पुढं काय झालं. दुसऱ्या दिवशी एकजण गाडीवरच्या डॉक्टरांना किंवा पोलीस ठाण्याला फोन करून जड कॉलचा शेवट विचारेल आणि लिहील. नाव-गाव नको, आजाराचे तपशीलही नकोत. ‘दाखल, शुद्धीवर’, ‘वाटेत गेले’, ‘किरकोळ, घरी सोडलं’. एवढं पुरतं. त्याच्यापुढं इन्चार्जनं एक ओळ लिहायची: पत्ता पहिल्याच फोनला मिळाला, गाडी वेळेत सुटली. चूक झाली असेल तर तीही त्या माणसाशी समोरासमोर, एकट्याशी बोलायची. सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लावून नाही.

वाईट बातमी सांगून खचवायचं कशाला, असा आक्षेप येतो. जो माणूस गेला हे कळतं त्याचं दुःख करून संपवता येतं. न कळलेला माणूस रोज नव्यानं मरतो आणि रोज नव्यानं वाचतो.

पायरी ९: महिन्यानं पुन्हा बघा

जड घटनेनंतर तीस दिवसांनी कॅलेंडरवर खूण करा आणि त्या माणसाशी दहा मिनिटं बोला. झोप कशी आहे? तीच स्वप्नं पडतात का? घाटाचा रस्ता टाळून लांबनं जातोस का? रिंग वाजली की पोटात गोळा येतो का? घरी चिडचिड, दारू, तंबाखू वाढलीय का? जगण्यातला रस गेलाय का? महिन्यानंतरही यातलं बरंच चालू असेल, तर ‘होईल कमी’ म्हणून सोडू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडं न्या. जमलं तर पहिल्यांदा स्वतः सोबत जा. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, सांगली-मिरजेला शासकीय रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आघातावर बेतलेली समुपदेशनाची उपचारपद्धती, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) आणि गरज असेल तर औषधं, यानं पुष्कळ माणसं बरी होऊन कामावर परत येतात. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं झोपेच्या गोळ्या घेणं मात्र धोक्याचं. सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

‘मरून जावं वाटतं’ असं कुणी बोललं, किंवा नुसता संशय आला, तरी सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पोलिसांत भीती असते ती ‘कागदावर आलं तर पोस्टिंग जाईल’ याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या कलम २३ नं उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. साहेबांनी हे रोल कॉलला स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर जास्त खरं वाटतं.

पायरी १०: पावसाळ्याआधी स्वतःच्या घराची यादी

सांगलीकरांना हे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत फोन घेणाऱ्या कित्येकांची स्वतःची घरंही पाण्याच्या वाटेवर होती. आई-वडील माळ्यावर, म्हैस गोठ्यात, आणि कानाला दुसऱ्याचा फोन. अशा माणसाकडून नीट काम होत नाही आणि पुढं त्याची टोचणी लागते. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना नाव उलटली, तेव्हा तर मदत करणारे आणि बुडणारे एकाच गावचे होते.

म्हणून प्रत्येक कर्मचारी आणि स्वयंसेवकाकडून एक पान लिहून घ्या. घर पूररेषेत आहे का, पाणी किती फुटांवर गेलं की दारात येतं, म्हातारी माणसं कोण हलवणार, जनावरं कुठं जाणार, त्या नातेवाइकाचा नंबर काय. ४० फुटांच्या आतच त्याला चार-सहा तास मोकळं सोडायचं, घर हलवून मगच ड्युटीवर घ्यायचं. बदली माणसांची नावं त्याच पानावर. लाइफ जॅकेटशिवाय आणि ठरलेल्या माणसांपेक्षा एकही जास्त घेऊन बोट सुटणार नाही, काठावर कितीही शिव्या पडल्या तरी, हे वाक्य पानाच्या तळाशी लिहून त्यावर बोट चालवणाऱ्याची आणि तहसील कार्यालयातल्या माणसाची, दोघांची सही घ्या. पावसाळी नियंत्रण कक्ष १ जूनला सुरू होतो असं धरलं, तर ही पानं मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत फाइलला लागलेली हवीत.